भिंतीकडे तोंड करून

वैशाख लागला की सुरतेतलं उधना रिकामं व्हायला लागतं. खानदेशातल्या गावोगावच्या लग्नपत्रिका आमच्या गल्लीत येऊन पडतात आणि लूमवरचे कारीगर बायकापोरं घेऊन भुसावळच्या गाड्या धरतात. कुणाला हळदीला पोचायचं असतं, कुणाला निदान लग्नाची टाळी लागायच्या आत. मागे राहतात ते, ज्यांचं गावात कुणी उरलं नाही किंवा ज्यांचं गावाशी वाकडं आहे. आमचं वाकडं होतं. माझ्या वडिलांनी, नानांनी, बांधाच्या भांडणात सख्ख्या भावाचं डोकं फोडलं होतं आणि त्याच रात्री सुरतची गाडी धरली होती. त्यानंतर गावाकडून आम्हाला पत्रिका आली नाही.

परवा ऑफिसातल्या एका मुलीनं विचारलं, "दीदी, मेरी लॅब की परीक्षा मई में है. तैयारी में क्या करूँ?" मी म्हटलं, "पहिल्यांदा घरातला विजेचा बोर्ड बदलून घे." ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करते. मी थट्टा करत नव्हते, पण सगळं सांगायला जेवणाची सुट्टी पुरली नसती. घरी आले, पंखा लावला, पंख्यानं गरम वाराच खाली टाकला आणि तो आठ वर्षांपूर्वीचा वैशाख येऊन माझ्या मानगुटीवर बसला.

आधी परीक्षेचं सांगते. नेटवर्कच्या सुरक्षेची परीक्षा, पण पेपर लिहायचा नाही, हातानं करून दाखवायचं. एका खोट्या कंपनीचं नेटवर्क तुमच्यासमोर टाकतात. त्यात जागोजाग भोकं पाडून ठेवलेली असतात, आणि कुणीतरी आधीच आत शिरून बसलेलं असतं. आठ तासांत ती भोकं बुजवायची, दोन शाखांमध्ये सुरक्षित रस्ता बांधायचा, शिरलेल्याला शोधून हाकलायचं. घरी बसून देता येते, मात्र आठ तास कॅमेरा चालू. पलीकडे कुठल्यातरी देशात बसलेला पर्यवेक्षक तुमच्याकडे टक लावून बघतो. खोलीत दुसरं माणूस नको, बोलणं नको, त्याला सांगितल्याशिवाय खुर्ची सोडणं नको.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. एका साडीबाजारातल्या दुकानदारांचे कॉम्प्युटर नीट करत फिरायची. कामरेजजवळच्या एका लहान कंपनीनं कबूल केलं होतं, की ही परीक्षा जूनच्या आत पास हो, जागा तुझी, वर राहायला दोन खोल्या. मला जागेपेक्षा खोल्यांची हाव होती. त्यातली एक माझ्या आईसाठी होती. आईला आम्ही माय म्हणतो. नाना मायला मारायचे, आणि मला तिला तिथून काढायची होती. त्या वैशाखात मी जे काही केलं ते ह्या एका गोष्टीसाठी केलं, असं मी स्वतःला रोज सांगायची.

नाना लूमवर तीस वर्षं. जुने लूम, धोटा इकडून तिकडे आदळणारे. शंभर लूम एका पत्र्याखाली चालू झाले की तो आवाज कानात जात नाही, छातीत जातो, दातांत जातो. आम्ही त्या कारखान्याला खातं म्हणतो. खात्यात बोलणं शक्यच नसतं, म्हणून कारीगर ओठ वाचतात. चार लूम पलीकडचा माणूस आवाज न करता नुसते ओठ हलवतो आणि ह्याला कळतं, चहा आलाय का सूत तुटलंय का शेठ आलाय. आणि पाठमोऱ्या माणसाला हाक मारायची असेल तर? तर त्याच्या पाठीत कांडी फेकून मारायची. कांडी म्हणजे सूत गुंडाळायची लाकडी नळी, वितीएवढी, टोकाला लोखंडी कडी असलेली. पाठीत बसली की माणूस वळतो. रागावत नाही कुणी. तीच हाक.

नानांचे कान पंधरा वर्षांत गेले आणि खात्याची रीत घरात आली. मला बोलवायचं तर कांडी. मायला बोलवायचं तर कांडी, नाहीतर चप्पल, नाहीतर जे हाताला लागेल ते. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच बापांची हाक अशी दुखते. पुढे कळलं की हाक कोणती आणि मार कोणता हे नाना स्वतःच विसरून गेले होते. मायच्या दंडावर, पाठीवर सगळ्या रंगांचे डाग असायचे, ताजे जांभळे, जुने पिवळे.

कान नसले तरी नानांपासून काही लपत नसे. खोलीच्या ह्या टोकाला मी मायशी पुटपुटले तरी त्या टोकाला त्यांना समजायचं. म्हणून आमच्याकडे गुपित बोलायची एक पद्धत होती. दोघींनी भिंतीकडे तोंड करायचं. माय तांदूळ निवडायच्या निमित्तानं भिंतीकडे वळायची, मी शेजारी बसायची, आणि आम्ही चुन्याच्या पोपड्यांशी बोलल्यासारख्या एकमेकींशी बोलायचो. कामरेजच्या खोल्यांचं मी तिला असंच सांगितलं. ती खडा उचलून बाजूला ठेवत म्हणाली, "पास त व्हय, मंग देखू." तिच्या तोंडून तेवढं निघालं हेच पुष्कळ होतं.

अर्धे कारीगर गावी गेले की उरलेल्यांच्या अंगावर दुप्पट लूम येतात. नाना एरवी आठ लूम बघायचे, त्या महिन्यात सोळा. पाळी संपवून आले की त्यांच्या अंगाला तेल, रुई आणि उकडलेल्या घामाचा वास यायचा, आणि डोळ्यांत रक्त उतरलेलं असायचं. मी सेकंडहँड लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली, मांड्या भाजून निघालेल्या, बोटं घामानं बटणांवरून घसरतायत.

सराव म्हणजे काय, तर आपणच भिंत बांधायची आणि आपणच ती फोडायची. मी एका यंत्रावरून हल्ला करायची, दुसऱ्यावर तो अडवायची. खरं सांगायचं तर मला अडवण्यापेक्षा फोडणं जास्त आवडायचं. एखादं दार तासभर ठोकून ठोकून शेवटी उघडलं की अंगातून असा काही आनंद जायचा, की मी उठून दोन येरझाऱ्या घालायची. उघडलं नाही तर मात्र माझं डोकं जायचं. एकदा मी मोडेमला फाडकन थोबाडीत मारली. एकदा माऊस भिंतीवर असा आपटला की त्याचं चाक गॅलरीत जाऊन पडलं. मायनं तुकडे गोळा केले, सुपलीत भरले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बापनीच पोर शे." मला ते इतकं झोंबलं की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

त्या महिन्यातला एक दिवस मी कुणाला सांगितलेला नाही. भरदुपारी नाना आले. लूमवर ताण्याच्या सुताचा जड बीम घसरून त्यांचा दिवस वाया गेला होता, शेठनं सगळ्यांसमोर झापलं होतं. मायनं वाढलेलं ताट त्यांनी भिरकावलं. मग तिला धरलं. मी आतल्या खोलीत सरावाची पूर्ण परीक्षा लावून बसले होते, पडद्यावर वेळ उलटा पळत होता, चाळीस मिनिटं उरली होती. दोन्ही खोल्यांच्या मधे नुसता कापडी पडदा. भांडी पडल्याचं मला ऐकू आलं, तिचं डोकं कपाटावर आपटल्याचं ऐकू आलं. माय ओरडत नसे. बहिऱ्यासमोर ओरडून करायचं काय. मी उठले नाही. मी स्वतःला म्हटलं, हे तिच्यासाठीच चाललंय, आत्ता उठले तर सगळं जाईल. मी नियम लिहीत राहिले, ह्याला आत सोड, त्याला सोडू नको. चाळीस मिनिटांनी मला पहिल्यांदा पैकीच्या पैकी गुण मिळाले. मग मी बाहेर गेले, तर माय फरशीवरची डाळ पुसत होती.

आणि हेच नाना चहाच्या टपरीवर सांगत फिरायचे, "मनी पोर कंपनीसले कुलपं लावस." परीक्षेच्या दिवशी त्यांनी आपणहून पाळी सोडली. वैशाखात, सोळा लूम सोडून. शेठची शिवी खाल्ली असणार. दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि बाहेरच्या खोलीत उंबऱ्याजवळ स्टूल टाकून बसले. आमच्या गल्लीत दारं लावायची पद्धत नाही, कुणीही कधीही साखर मागायला घुसतं, म्हणून पहारा. मी ओठांनी त्यांना बजावलं, काहीही झालं तरी आत यायचं नाही. कॅमेऱ्यात दिसायचं नाही. आवाज करायचा नाही. त्यांनी मान डोलावली. हाताशी वेळ घालवायला म्हणून त्यांनी खात्यातली एक कांडी आणली होती, तिची सैल झालेली कडी ते ठोकून बसवत होते.

नऊला सुरू झालं. पर्यवेक्षकानं खोली फिरवून दाखवायला लावली, टेबलाखालचंही दाखवायला लावलं, पडदा बाजूला सारून बांधायला लावला. मग मी बसले, पाठ दाराकडे. दुपारपर्यंत माझे हात असे चालले होते की मलाच माझा हेवा वाटावा. रस्ता बांधला, उभा राहिला. शिरलेला माणूस कोणत्या दारानं आला ते सापडलं. दहापैकी सात कामं झाली होती. लॅपटॉप, मोडेम, टेबलफॅन आणि कूलर, चारही माझ्या मागे जमिनीवरच्या एकाच बोर्डावर. चार वाजायला आले तेव्हा मी आठव्या कामात मान घालून बसले होते, आणि पाठीत, बरोबर मणक्यावर, कांडी बसली.

डोळ्यांपुढे पांढरं झालं. आजच्या दिवशी पण, एवढंच डोक्यात आलं. चोवीस वर्षांचं सगळं एकदम वर आलं. मी खुर्ची मागे ढकलली, कांडी उचलली, उंबऱ्यापर्यंत गेले. नाना हात करून काहीतरी दाखवत होते, ओठ हलत होते. मी ओठ वाचले नाहीत. कांडी त्यांच्या तोंडावर घातली. भुवई फाटली, रक्त डोळ्यात आलं. मग पुन्हा घातली. मग पुन्हा. पहिला फटका रागाचा होता असं मी म्हणू शकते. दुसरा आणि तिसरा मी मोजूनमापून मारला, आणि दार उघडल्यावर यायचा तोच आनंद माझ्या अंगातून गेला. नानांनी हात वर केला नाही. ते अजून माझ्या मागेच बोट दाखवत होते.

मागे बोर्ड जळत होता. प्लग वितळून गळत होता, दोरीवरच्या मायच्या साडीच्या काठाला ज्वाळा लागली होती. मी वळले तेवढ्यात धाडकन स्फोट झाला आणि घरातली वीज गेली. नाना मला बाजूला ढकलून आत घुसले, रक्तानं एक डोळा मिटलेला, जळती साडी हातांनी ओढून पायाखाली तुडवली. माझ्या कानाला काही कळायच्या आधी त्यांच्या नाकाला कळलं होतं. आत यायचं नाही, बोलायचं नाही, मी सांगून ठेवलं होतं. मग खात्यातल्या माणसाकडे हाक मारायला दुसरं काय उरतं? लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. त्यावर एक ओळ येऊन थांबली होती, की उमेदवारानं जागा सोडल्यामुळे परीक्षा रद्द करण्यात येत आहे.

माय गॅलरीत वाळवणाशी होती. तिनं सगळं पाहिलं होतं, अगदी पहिल्या फटक्यापासून. तिनं नानांच्या कपाळाला पदर लावला, रिक्षा बोलावली, आणि आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर गुजराती, पण आमच्या वस्तीत वीस वर्षं काढलेले, आमची अहिराणी चांगली समजणारे. त्यांनी जखम धुतली आणि विचारलं, "क्या हुआ?"

नाना लगेच म्हणाले, "धोटा उडा, साहब. लूम पे लगा." नाना धुतलेल्या सदऱ्यात, दाढी केलेले, पायात घरातल्या स्लिपरा. डॉक्टरांनी सुईत दोरा ओवला. त्यांना आमच्या घरातल्या अशा गोष्टी ऐकायची सवय होती. माय तिथं कधी जिन्यावरून पडून यायची, कधी मोरीत पाय घसरून. मी स्वतः तिच्याबरोबर यायची आणि मीही हो हो म्हणायची. आता नाना माझ्यासाठी खोटं बोलत होते, आणि मी ते बोलू देत होते.

"पोरनी मारं," माय म्हणाली.

डॉक्टरांचा हात थांबला. ते मायकडे वळले. मग हळूच म्हणाले, "और आपका अंगूठा, पिछले साल? आपने बोला था दरवाजे में आया."

"यासनी मोडा," माय म्हणाली. ती भिंतीकडे वळली नव्हती. तिनं नानांच्या तोंडासमोर तोंड ठेवून, ओठ नीट हलवून, त्यांना वाचता येईल असं सांगितलं होतं. नानांनी वाचलं. ते टेबलावर आडवे पडून छताकडे बघू लागले. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी कागदावर लिहिल्या, पाच टाके घातले, आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. माझ्या हातावर नानांचं रक्त वाळत होतं, मला ते धुवायला जागा विचारायचीही हिंमत झाली नाही.

त्याच आठवड्यात मायनं घर सोडलं. तिच्याबरोबर साड्यांचे धागे कापायचं काम करणारी एक बाई भेस्तानला राहायची, तिच्या शेजारची खोली मायनं धरली. मला न विचारता, मला न सांगता. जून गेला, कामरेजची ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मी सहा महिने थांबून पुन्हा परीक्षा दिली आणि पास झाले. दुसरी नोकरी लागली, कामरेजलाच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि टेम्पो घेऊन मायला आणायला गेले. ती उंबऱ्यावर उभी राहिली. माझ्या हातांकडे बघत म्हणाली, "तुले राग उना ते?"

मी म्हटलं, "माय, आता हात नाही उचलणार. शपथ घेते."

"तुना बाप बी हाईच सांगे," ती म्हणाली, आणि टेम्पोवाल्याला पाणी प्यायला आत बोलावलं.

नाना अजून उधन्यातच आहेत. भुवई मधोमध तुटलेली. लूमवरून उतरवलं त्यांना, आता सूत भरायला बसतात, खानावळीत जेवतात. महिन्यातून एकदा मी जाते. आम्ही दोघं समोरासमोर बसतो, आणि मला जे म्हणायचं असतं त्याला आवाजाचीही गरज नाही, नुसते ओठ हलवायचे. आठ वर्षांत मला ते हलवता आलेले नाहीत. माणसानं किती माजोरी असावं.

माझं काम अजून तेच, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं ह्याचे नियम लिहिणं. लोक मला हुशार म्हणतात. वैशाखात माझा पारा अजून चढतो. मी रिक्षावाल्यांशी भांडते, फोन आपटते, ऑफिसातल्या पोरी माझ्या खुर्चीच्या आवाजावरून ओळखतात की आज बाई तापलीय. हात मात्र त्या दिवसानंतर कुणावर उचलला नाही. पण हे मला माहीत आहे. मायला ते कसं माहीत असणार?

दर रविवारी मी भेस्तानला जाते. मी दार वाजवलं की माय साखळी न काढता बोटभर फट करते आणि त्यातून माझा चेहरा बघते. घाई करत नाही. कपाळ बघते, जबडा बघते, मग दार लोटून साखळी काढते आणि मला आत घेते. ह्याच कामातली म्हणून सांगते, तिचा नियम बरोबर आहे.

गेल्या रविवारी वाटेत एका ट्रकवाल्याशी माझी जुंपली होती. उन्हात अर्धा तास भांडून मी तिच्या दारात पोचले, हातात आंब्यांची पिशवी. मायनं फट केली. बघितलं. बराच वेळ बघितलं. मी हसायचा प्रयत्न केला.

"आज नको," ती आतून म्हणाली. "शांत व्हयनी का ये."

दार लागलं. मी पिशवी उंबऱ्याशी ठेवली आणि जिना उतरायला लागले. प्रत्येक पायरीवर थांबून ऐकत होते. साखळी निघाल्याचा आवाज आला नाही.